ईएमटी शिकवण्याचं करिअर : पुण्यातल्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढून मी शिकवायला लागले, त्याला आता नऊ वर्षं झाली. दर बॅचच्या शेवटी दोन-तीन जण मागे रेंगाळतात. सामान आवरायला मदत करतात, सिलिंडर जागेवर ठेवतात आणि मग हळूच विचारतात, "मॅडम, तुमच्यासारखं शिकवायचं असेल तर काय करावं लागतं?" मेसेजवर येणारे प्रश्नही बरेचसे तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

ईएमटी प्रशिक्षक नेमकं काय करतो?

इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे पेशंटजवळ पोचल्यापासून तो कॅज्युअल्टीच्या पलंगावर जाईपर्यंत त्याला सांभाळणारा माणूस. तो माणूस तयार करणं हे आमचं काम. शरीररचना, श्वासमार्ग, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं), रक्तस्राव, भाजणं, विषबाधा, बाळंतपण, स्ट्रेचर उचलणं, वायरलेसवर आणि फोनवर बोलणं, कागद भरणं, हे सगळं यात येतं. फळ्यासमोर उभं राहून शिकवण्याचा भाग निम्म्याहून कमी. उरलेला वेळ जमिनीवर गुडघे टेकून जातो.

महाराष्ट्रात १०८ च्या गाडीवर डॉक्टरच असतो. मग ईएमटीला नोकरी कुठे? आणि त्यांना शिकवणाऱ्याला?

हा प्रश्न योग्य आहे. प्रवेशाच्या दिवशी संस्थेने तो स्वतःहून काढला नाही, तर तुम्ही काढा.

राज्याची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. सुरुवातीच्या रचनेत ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या (गंभीर पेशंटसाठी जास्त उपकरणं असलेल्या) आणि ७०४ बेसिकच्या. तिचा नियंत्रण कक्ष आपल्या औंधलाच, उरो रुग्णालयाच्या आवारात. इतर अनेक राज्यांत १०८ वर ईएमटी असतो; महाराष्ट्राने गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरवलं. हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात आणि जोडीला पायलट, म्हणजे गाडी चालवणारा. त्यामुळे 'कोर्स करा आणि १०८ ला लागा' असं इथे कुणी सांगत असेल तर ते जरा जपूनच ऐका.

तरी माझी मुलं कामाला लागतात. कुठे? खासगी हॉस्पिटलांच्या स्वतःच्या ॲम्ब्युलन्सवर आणि कॅज्युअल्टीत. खासगी ॲम्ब्युलन्स कंपन्यांत. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या कारखान्यांत, कारण पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मॅरेथॉन, मैफली, क्रिकेटचे सामने यांच्या स्टँडबायवर. काही जण आखाती देशांत जातात.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. १०८ चा डॉक्टर आणि पायलट यांनाही रस्त्यावरचं काम शिकावंच लागतं. डॉक्टरकीच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावरून माणूस खाली कसा आणायचा हे कुणी शिकवत नाही. प्रशिक्षकाच्या वर्गात म्हणूनच ईएमटीचे विद्यार्थी, नर्सेस, डॉक्टर, कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर, शाळेचे पीटीचे सर असे सगळेच येतात. एकट्या ईएमटी बॅचवर पोट भरेलच असं नाही. या चार-पाच प्रकारच्या बॅचेस मिळून भरतं.

शिकवण्यासाठी शिक्षण कोणतं लागतं?

आधी विषयाचं, मग शिकवण्याचं.

विषयाच्या बाजूने: इमर्जन्सी मेडिसिन किंवा पॅरामेडिकमधली पदवी, पदविका किंवा पदव्युत्तर पदविका. पुण्यात सिम्बायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपासून ओळखीचा आहे आणि आज शिकवणाऱ्यांतले कितीतरी जण तिथूनच आलेले भेटतात. २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पॅरामेडिकचा उल्लेख आहे. त्या कायद्याप्रमाणे संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण लागतं. काही महिन्यांचे कौशल्य विकासाचे कोर्स वेगळे. ते हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीत चालतात. ते वाईट नाहीत. पण तुम्हाला पुढे शिकवायचं असेल तर पाया मोठा घ्या.

शिकवण्याच्या बाजूने: अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (जीव वाचवण्याचे मूलभूत उपाय) आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे प्रगत उपाय) आधी स्वतः पास व्हायचं, मग इन्स्ट्रक्टर कोर्स करायचा, एखाद्या ट्रेनिंग सेंटरशी जोडून घ्यायचं आणि पहिला वर्ग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली घ्यायचा. इन्स्ट्रक्टरच्या प्रमाणपत्राचं कार्ड दोन वर्षं चालतं. शिकवत राहिलं नाही तर नूतनीकरण होत नाही, आणि ते बरोबरच आहे. भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकारातून आलेले आपल्याकडचे सीपीआरचे कोर्सही आहेत. त्यातला सामान्य माणसांसाठीचा, तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबण्याचा जो आहे, तो सोसायट्यांत आणि गणेश मंडळांत शिकवायला मला फार सोयीचा वाटतो. स्किल कौन्सिलच्या कोर्सला शिकवायचं तर त्यांचं प्रशिक्षकांचं प्रशिक्षण वेगळं करावं लागतं.

मी नर्सिंग केलंय / बीएएमएस आहे. चालेल?

चालेल. मात्र किमान काही महिने ॲम्ब्युलन्सच्या मागच्या बाजूला बसा. वॉर्डात पलंग कमरेच्या उंचीवर असतो, उजेड असतो आणि हाक मारली की कुणीतरी येतं. नवले पुलाच्या उतारावर रात्री दोन वाजता यातलं काहीच नसतं.

फील्डवर किती वर्षं काढल्याशिवाय शिकवू नये?

मी तीन म्हणते. पण वर्षांपेक्षा कॉल मोजा, म्हणजे ॲम्ब्युलन्स घेऊन किती पेशंटकडे धावलात ते. तीन वर्षं नुसते डायलिसिसचे पेशंट ने-आण केलेल्याला ट्रॉमा, म्हणजे अपघातातल्या गंभीर जखमा, शिकवता येणार नाही. उलटही खरं आहे: दहा-बारा वर्षं सुसाट काम केलेले काही जण वर्गात अजिबात चालत नाहीत. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

चांगला ईएमटी चांगला शिक्षक होतोच ना?

नाही. हे मला माझ्यावरूनच कळलं.

पहिल्या वर्षी मी वर्गात जे करत होते, त्याला मी शिकवणं समजत होते. मुलगी पेशंटच्या मानेची कॉलर उलटी लावायला लागली की माझा हात पुढे. मुलगा अंबू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा, मास्क नीट बसवत नसला की "अरे, असं धर" म्हणून मीच धरायची. सिनॅरिओ, म्हणजे सरावासाठी रचलेले प्रसंग, झकास पार पडायचे. सरावात सगळे पास. परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि माझी निम्मी बॅच गोंधळली. मुलं पेशंटकडे बघतच नव्हती, परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. माझ्या भुवया वाचून काम करायची सवय मीच लावली होती.

माझ्याहून वीस वर्षांनी मोठे एक सर तेव्हा आमच्याकडे यायचे. ते एवढंच म्हणाले, "तू शिकवत नाहीयेस. तू अजून कॉल करतेयस."

तेव्हापासून मी सिनॅरिओ चालू असताना हात पाठीमागे बांधून उभी राहते. अक्षरशः. फील्डच्या माणसाला हे फार जड जातं. समोर कुणी गुदमरल्याचं नाटक करत असलं तरी अंग आपोआप पुढे झेपावतं. ॲम्ब्युलन्सवर तुमची किंमत त्या झेपावण्यात असते. वर्गात तीच झेप विद्यार्थ्याच्या हातातलं काम काढून घेते.

एक प्रसंग सांगते. ऑक्सिजनचं स्टेशन होतं. मुलीने मास्क छान लावला, पट्टा घट्ट केला, फ्लो दहाच्या पुढे नेल्याचं मोठ्याने सांगितलं. सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंदच होता, चावी बाजूला पडलेली. पेशंट झालेला मुलगा हुशार, तो म्हणाला, "ताई, अजून गुदमरतंय." तिने बीपी घेतलं. परत सॅच्युरेशन बघितलं. मला घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मास्कखालची पिशवी फुगलेली नाही हे तिला दिसायला जवळजवळ चार मिनिटं लागली. मग तिने नळीवरून बोट फिरवत फिरवत सिलिंडर गाठला. पुढे मी तिला कितीदा बघितलं असेल, मास्क पेशंटला लावण्याआधी ती पिशवी फुगवून बघते. मी पहिल्याच सेकंदाला "चावी!" म्हणाले असते तर तिला त्या दिवसापुरती चावी आठवली असती.

हे फक्त सरावात. खरा पेशंट समोर असताना हात मागे बांधायचे नाहीत.

मला इंग्रजी फारसं येत नाही. जमेल का?

वाचता यायला हवं, कारण पुस्तकं, औषधांची नावं, गाइडलाइन्स सगळं इंग्रजीत आहे. हँडओव्हर देताना, म्हणजे पेशंट सोपवताना, डॉक्टरांपुढे चार वाक्यं इंग्रजीत टाकता आली पाहिजेत. ती पाठ होतात.

शिकवायचं मात्र मराठीत, आणि ही सवलत म्हणून सांगत नाही. पेशंट मराठीत आजारी पडतो. पुस्तकात 'चेस्ट पेन आहे का' असं विचारायला सांगितलंय. तुम्ही सदाशिव पेठेतल्या आजोबांना "छातीत दुखतंय का?" विचारलंत तर ते म्हणतील, "छे, गॅस झालाय." ओवा चावून झालेला असतो, इनो पिऊन झालेलं असतं आणि शर्ट घामाने चिंब. म्हणून आम्ही शिकवतो: "जड वाटतंय का? आवळल्यासारखं होतंय का? हात भरून आलाय का?" तसंच 'घाबरल्यासारखं होतंय' या वाक्याचं. नवीन मुलं ऐकतात आणि "घाबरू नका" म्हणून पाठीवर हात फिरवतात. पण आपल्याकडे बायका धाप लागली, छातीत धडधडलं, साखर उतरली तरी हेच म्हणतात. 'कसंतरी होतंय', 'भोवळ आली', 'अंगातलं त्राण गेलं', 'मुंग्या आल्या', या प्रत्येक शब्दामागे काय काय असू शकतं यावर मी पूर्ण एक दुपार घालवते. मुलं बीडची असतात, यवतमाळची, सांगोल्याची. प्रत्येकाच्या गावचे शब्द वेगळे. ते सगळे फळ्यावर लिहितो.

पुस्तकं तर अमेरिकन असतात. तशीच शिकवायची का?

तत्त्वं तशीच. उदाहरणं नाहीत. इथे शिक्षकाचं खरं काम सुरू होतं, म्हणून जरा लांबण लावते.

अमेरिकन पुस्तकातला साप शेपटी वाजवून इशारा देतो. आपला मण्यार काही वाजवत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, फारसं दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असेल. जुन्नर-आंबेगावकडून आलेल्या मुलांना हे घरी बसून माहीत असतं, पिंपरीच्या मुलांना नसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपली प्रतिविषाची लस चालते, म्हणून साप मारून बरोबर आणायच्या भानगडीत पडायचं नाही. दोरीने आवळायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत, हातपाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि लस असलेल्या ठिकाणी न्यायचं.

दुसरं उदाहरण बाहुल्यांचं. डोळ्यांतल्या; सीपीआरच्या सरावाच्या बाहुल्या, म्हणजे मॅनिकिन, नव्हे. बेशुद्ध तरुण, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मंद. अमेरिकन पुस्तकाचा पहिला संशय अफूच्या जातीच्या ड्रग्जवर जातो आणि तिथल्या रस्त्यावर तो बरोबर असतो. इंदापूर-बारामतीकडून येणाऱ्या पेशंटच्या बाहुल्या तशाच बारीक असतील, तर आधी तोंडाचा वास घ्या, लाळ आणि घाम बघा. शेतात फवारायचं औषध पोटात गेलेलं असतं. कपडे काढायचे, अंग धुवायचं, आपले ग्लोव्ह्ज काढायचे नाहीत, सक्शन (तोंडातली लाळ ओढून काढायचं यंत्र) तयार ठेवायचं. डॉक्टर ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध देतील तोवर श्वासमार्ग मोकळा ठेवणं ईएमटीच्या हातात असतं.

तिसरं, जिने. पुस्तकातल्या घराला रुंद पोर्च असतो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यात स्ट्रेचर वळतच नाही, आणि नव्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो आडवा मावत नाही. मग पेशंट बसता ठेवण्यासारखा असेल तर खुर्चीवरून उतरवायचा. दर बॅचला मी इमारतीच्या मागच्या अरुंद जिन्यावरून एका सत्तर किलोच्या मुलाला खुर्चीत बांधून तीन मजले खाली आणायला लावते. पहिल्या वळणावरच भांडण होतं, कुणी आधी पाय टाकायचा यावरून. ते भांडण वर्गात झालेलं बरं.

चौथं, गर्दी. पुस्तक म्हणतं, पोलीस येईपर्यंत लांब थांबा. आपल्याकडे तुम्ही पोचता तोवर पेशंटला उचलून रिक्षात घालणं चालू असतं, एक जण तोंडात पाणी ओततोय, फिट आली असेल तर कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरलेली. इथे आवाज चढवून काही होत नाही. माझी युक्ती: सगळ्यात मोठ्याने बोलणारा शोधायचा आणि त्याला काम द्यायचं. "दादा, तुम्ही ही बॅग धरा." "काका, तेवढी गाडीला वाट करून द्या." दोन मिनिटांत तोच बाकीच्यांना मागे सारतो.

हेल्मेट काढायची पद्धतही आम्ही शिकवतो, दोघांनी मिळून, मान न हलवता. पुण्यात त्याचा उपयोग व्हायला आधी कुणीतरी हेल्मेट घातलेलं असावं लागतं, हा भाग वेगळा.

गाइडलाइन्स बदलत राहतात. दर वेळी नव्याने शिकायचं?

हो. २०१० पर्यंत आम्ही आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती असा क्रम घोकायचो. त्या वर्षी छाती दाबणं पहिलं झालं. २०१५ साली दाबण्याच्या वेगाला आणि खोलीला वरची मर्यादाही आली: मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटिमीटर. ऑक्टोबर २०२५ च्या अमेरिकन गाइडलाइन्समध्ये मोठ्या माणसाच्या घशात काही अडकलं तर आधी पाठीत पाच थापा आणि मग पोटावर पाच झटके असं आलं. मी इतकी वर्षं वर्गात "पाठीत धपाटे घालू नका" म्हणून बजावत होते. आता तेच शिकवते: पुढे वाकवून, दोन खवाट्यांच्या मध्ये, तळहाताच्या टाचेने. एका विद्यार्थिनीने लगेच विचारलं, "म्हणजे आजी बरोबर होती?" अर्धी होती. आजी उभ्या माणसाला धपाटे घालायची, आणि पाण्याचा पेला पुढे करायची.

चूक मान्य करताना लाज वाटत असेल तर हे काम अवघड जाईल.

मॅनिकिन किती लागतात? स्वतःची संस्था काढायची असेल तर?

चार जणांमागे एक असावा असं माझं मत आहे. वीस जणांत एकच असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत, आणि दोन मिनिटं म्हणजे सीपीआरची जेमतेम एक पाळी. दाबल्यावर क्लिक करणारा आणि छाती पूर्ण वर आली का हे दाखवणारा घ्या. तोंडाचे आणि फुप्फुसाचे सुटे भाग मिळतात का हे आधी विचारा. खर्च तिथे होत राहतो.

मुलांना मॅनिकिनच्या चेहऱ्याची गोष्ट आवडते. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने १९६० साली पहिली सीपीआरची बाहुली बाजारात आणली. चेहरा घेतला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. डोळे मिटलेला, शांत. आमच्याकडचा सगळ्यात जुना मॅनिकिन मात्र इतक्यांनी दाबलाय की त्याचं नाव 'भाऊसाहेब' पडलंय आणि नव्या मुलांना आधी त्याच्याकडेच पाठवतात.

कुणाला नापास करायचं म्हणजे जिवावर येतं. काय करायचं?

करायचं. मी एकदा केलं नव्हतं.

मुलगा साधा होता. वडिलांनी फीसाठी उसनवारी केलेली, गावाकडे दोन बहिणी, नोकरीचा शब्द मिळालेला. अंबू बॅग देताना त्याचा मास्क बाजूने गळायचा. तीनदा परीक्षा घेतली, तिन्ही वेळा हवा बाहेर. चौथ्या वेळी मी छाती हलली असं समजून सही केली. साताठ महिन्यांनी एका कॅज्युअल्टीत मी विद्यार्थी घेऊन उभी असताना तो पेशंट घेऊन आला. बॅग दाबत होता, अगदी लयीत. पेशंटची छाती हलत नव्हती. तिथल्या सिस्टरने त्याच्या हातातून मास्क घेतला. त्याने मला बघितलं आणि हसला, "मॅडम, नमस्कार." मी त्याला नमस्कार केला.

आता माझ्याकडे काही कौशल्यं अशी आहेत की ज्यांना काठावर पास नाही: श्वासमार्ग, अंबू बॅग, सीपीआर, रक्तस्राव थांबवणं. हवे तितके प्रयत्न देते, रविवारीही येते, फी घेत नाही. सही मात्र छाती हलल्यावर. मुलाची घरची परिस्थिती ऐकून घ्यायची असेल तर ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ऐका.

हॉस्पिटल पोस्टिंगला काय सांभाळायचं?

विद्यार्थ्याला कॅज्युअल्टीत सोडून तुम्ही चहाला गेलात की तो भिंतीला टेकून उभा राहतो किंवा ट्रॉल्या ढकलतो. आठवड्यात पंधरा दिवस गेल्यासारखे वाटतात आणि शिकणं शून्य. म्हणून रोजचं एक काम ठरवून द्या: आज दहा पेशंटचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे. उद्या दहा जणांना त्यांच्या शब्दांत काय होतंय ते लिहून आणायचं. सिस्टरांशी संबंध चांगले ठेवा. खरं शिकवणं त्याच करतात.

मोबाइल खिशात. पेशंटचा फोटो काढलेला सापडला तर माझ्याकडे दुसरी संधी नाही. आणि पेशंटला सांगून हात लावायचा: "मी शिकतेय, तुमचं बीपी घेऊ का?" नव्वदीच्या आजीही हो म्हणतात, वर "नीट शिक गं" असं बजावतात.

एखादा विद्यार्थी रक्त बघून पडला तर?

पडू द्या, डोकं आपटणार नाही एवढं बघा. पहिल्यांदा पडलेले कित्येक जण पुढे उत्तम झाले. कधीच काही न वाटणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

मुलींना हे क्षेत्र जमतं का?

हा प्रश्न मला, साडी नेसून दोन वर्षं स्ट्रेचर उचललेल्या बाईला, अजून विचारला जातो. (तिथे तेव्हा बायकांसाठी वेगळा गणवेशच नव्हता.) उचलणं पाठीवर नाही, मांड्यांवर आणि पद्धतीवर चालतं. अडचण वजनाची नसून रात्रपाळीनंतर घरी कसं पोचायचं आणि गाडीच्या थांब्यावर स्वच्छतागृह आहे का, याची आहे. मुलींना नोकरी घेताना हे दोन प्रश्न आधी विचारायला मी शिकवते. पालक भेटायला आले तर त्यांनाही.

रस्त्यात अपघात दिसला तर थांबायचं का? पोलिसांचं लफडं मागे लागत नाही?

हे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. थांबा. मात्र आधी आपली गाडी बाजूला लावा. एक्स्प्रेस वेवर मागून येणारं वाहन तुम्हाला ईएमटी म्हणून ओळखत नाही.

पगार?

तीन प्रकार आहेत. संस्थेत पूर्ण वेळ: महिन्याचा ठरलेला पगार, बॅच असो वा नसो. हॉस्पिटलमध्ये: अर्धी ड्युटी, अर्धं शिकवणं, आणि कागदावर ते निम्मं-निम्मं असलं तरी सणासुदीला ड्युटीच वाढते. व्हिजिटिंग: तासाप्रमाणे किंवा सत्राप्रमाणे. कंपन्यांच्या प्रथमोपचाराच्या बॅचला मानधन बरं मिळतं आणि वेळेवर मिळतं. सरकारी योजनांतल्या बॅचचं कधी येईल ते विचारू नका.

बोलणी करताना रकमेआधी हे ठरवा: कार्डांच्या नूतनीकरणाचा खर्च कोण देणार, दोन बॅचेसमधल्या रिकाम्या महिन्यात काय, प्रवासाचं काय, आणि एका वर्गात जास्तीत जास्त किती मुलं. शेवटचा मुद्दा पैशांचा वाटत नाही, पण आहे. चाळीस मुलांना एकट्याने शिकवण्याचे पैसे वीस मुलांइतकेच मिळतात.

तब्येतीचं काय?

गुडघे. पॅड घ्या. घसाही.

एकदा वर्ग बघायला येऊ का?

जवळच्या कुठल्याही चांगल्या संस्थेत विचारा, बहुतेक ठिकाणी येऊ देतात. नुसतं मागे बसवणार नाहीत, पेशंट करतील. जुने कपडे घालून जा, कारण ट्रॉमाच्या सरावात पँट कात्रीने खालून वरपर्यंत कापतात. डोळे मिटून पडा आणि तुमच्या अंगावर काम करणारा विद्यार्थी काहीतरी विसरला, तर ते तुम्हाला माहीत असूनही बोलू नका. तो विसरलेलं शोधेपर्यंत गप्प पडून राहणं तुम्हाला जमलं का, ते घरी जाताना स्वतःला विचारा.